आजोबांना 'जुन्या गोष्टी सांगा' म्हणू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला, आजोबांच्या आठवणी लिहून घ्यायला बसलीस पण ते काही बोलतच नाहीत, दोन वाक्यं बोलून गप्प होतात म्हणून वैतागलीयस. मला हसू आलं, कारण माझ्या वडिलांसमोर मी अशीच वही उघडून बसले होते आणि म्हटलं, "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा ना." ते म्हणाले, "काय सांगायचं, सगळ्यांसारखंच होतं." संपलं. वही कोरी.

मग कधीतरी असंच सहज विचारलं की घरात एवढी माणसं होती तर झोपायची कुठे? तर त्यांनी पेन मागितलं आणि बिलाच्या पाठीवर घराचा नकाशा काढायला घेतला, इथे दार, इथे आई, इथे आम्ही तिघं भाऊ, खिडकीशी कोण झोपणार यावरून रोज भांडण, आणि रात्री पाणी प्यायला उठलं की कोणाच्या पायावर पाय पडायचा हेसुद्धा... तासभर बोलत होते. म्हणजे माणसाला 'लहानपण' आठवत नाही गं, जागा आठवते, कोणाचा तरी आवाज, दाराची कडी. तू तेवढंच छोटं विचार. सकाळी सगळ्यात आधी कोण उठायचं? घरात पैसे कोणाच्या हातात असायचे? आजारी पडलं की उशाशी कोण बसायचं? (नकाशा काढलाच तर प्रत्येक चौकोनात काय होतं ते तिथल्या तिथे लिहून घे. माझ्याकडच्या कागदावर एक चौकोन रिकामा आहे, तो कशाचा ते आता सांगणारं कोणी नाही.)

आणि वयाचं एक लक्षात ठेव. उतारवयात लोकांना आपल्या साधारण १० ते ३० वर्षं वयातल्या आठवणी जास्त येतात, संशोधकांना हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा सगळंच पहिल्यांदा घडत असतं, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं, हे त्याचं एक कारण मानतात. म्हणून चाळिशी-पन्नाशीवरून आजोबा पटकन पुढे गेले तर वाईट वाटून घेऊ नकोस, पहिल्या पगाराचं विचार, बघ कसे बसतात सावरून.

आता माझी चूक सांगते, ती तू करू नकोस. वडील एकदा घरात पहिला रेडिओ आला त्याबद्दल रंगून सांगत होते आणि मी मध्येच म्हटलं, "नाही हो बाबा, हे साल असूच शकत नाही, तेव्हा तर ताईचा जन्मही झाला नव्हता." ते थांबले, म्हणाले, "तुला माहितीये तर तूच सांग." आणि खरंच त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. साल काय, नंतर कागदपत्रं बघून लावता आलं असतं की!

दुसरं म्हणजे आपले शब्द त्यांच्या तोंडात घालायचे नाहीत. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं 'लागल्या' तेव्हा किती. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? काचा फिल्ममध्ये नव्हत्याच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'लागल्या' वाल्या ५० पैकी ७. एका शब्दाने एवढं होतं, मग तू "तेव्हा फार हाल झाले असतील ना?" विचारलंस की हालच बाहेर येणार. त्यापेक्षा "मग काय झालं?" पुरे. आणि गप्प राहा! माझ्या जुन्या कॅसेट परवा ऐकल्या तर निम्म्या वेळ मीच बोलतेय, लाज वाटली.

रेकॉर्डिंग फोनवर कर, पण आधी विचारून, आणि फोन फ्लाइट मोडवर टाक नाहीतर नेमका रंगात आल्यावर वाजतो. सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते मोठ्याने बोल. फाइल लगेच आणखी दोन ठिकाणी ठेव, त्यातलं एक घराबाहेर.

लिहून सगळ्यांना पाठवशील तेव्हा भांडणं होणार हे धरून चाल. माझा काका आणि आत्या एकाच घरात वाढले, पण एकाचे वडील कडक होते आणि दुसरीचे अगदी मऊ. मी दोन्ही तसंच लिहिलं, जुळवत बसले नाही. आणि पाठवण्याआधी ज्याची गोष्ट त्याला वाचून दाखव. आत्याने एक प्रसंग सांगून झाल्यावर म्हटलं, हे तुझ्यापुरतं. ते अजून माझ्यापुरतंच आहे.

रविवारी जातेयस ना? जुना अल्बम काढ, फोटोत कोण आहे हे तर सगळेच विचारतात, तू हा फोटो काढला कोणी ते विचार, तो माणूस कुठेच दिसत नसतो. नावं फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने लिही, बॉलपेनने नको, दाब पुढे उमटतो. आणि बसायच्या आधी आजोबांचा चष्मा शोधून ठेव, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.

तुझी मावशी