बागेतली गाडी आणि पावसाळ्यातले दिवे

प्रश्न : घोडबंदर रोडला आमचं रो-हाउस आहे. मागच्या बागेत ४५ मिमी रुळांची गाडी गोल फिरते. स्टेशन, फलाटावरचे दिवे आणि लोको शेड, सगळं १२ व्होल्टच्या एका अॅडॅप्टरवर आहे. वायर साधी, अर्धा चौरस मिमीची. शेड १५ मीटरवर आहे, तिथल्या एलईडी पट्ट्या दीड अँपिअर घेतात, पण उजेड मिणमिणता. गेल्या पावसाळ्यात निम्मे दिवे बंद पडले. काळी टेप सोडवली तर तारा हिरव्या. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, मग पाईप आणि डब्यांचा खटाटोप हवाच का?
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : हवाच. शॉकचा प्रश्न अॅडॅप्टरपाशी सोडवा. तो घरात कोरड्या जागी, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) ठेवा. २३० व्होल्टची वायर उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. शॉक लागत नसला तरी शॉर्ट झाल्यावर बारीक वायर वितळेल इतकी तापू शकते, म्हणून अॅडॅप्टरजवळच ३ अँपिअरचा फ्यूज घाला.

आता मिणमिणता उजेड. करंट जाऊन परत येतो, म्हणजे तुमची वायर ३० मीटर धरायची. अर्धा चौरस मिमीच्या तेवढ्या तांब्याचा रोध साधारण १.२ ओहम. पट्ट्यांनी पूर्ण दीड अँपिअर घेतले तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. पट्टीत तीन-तीन एलईडी एकापुढे एक असतात आणि त्यांनाच नऊ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे सव्वादहावर त्या मलूल दिसणारच. दीड चौरस मिमीची वायर घातलीत तर घट ०.६ व्होल्टवर येते. शिवाय रूळ गोल आहेतच, तर वायरही गोल फिरवून दोन्ही टोकं अॅडॅप्टरकडे आणा. प्लसला प्लस, मायनसला मायनस. शेडला दोन्ही बाजूंनी पुरवठा मिळेल. रुळांवरून मात्र दिव्यांना वीज देऊ नका, गाडी थांबली की स्टेशन अंधारात जाईल.

हिरव्या तारांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचे दिवे इथेच जातात. पुन्हा टेप सोडवाल तेव्हा नीट बघा, प्लसची तार मायनसपेक्षा जास्त खाल्लेली दिसेल. ओलाव्यात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, चालू राहिला की प्लसचं तांबं विरघळत जातं. काळ्या टेपचा गोंद पावसात सुटतो आणि आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं. जोड सोल्डर करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा, आणि एकही जोड मातीत गाडू नका. सगळे जोड जमिनीपासून वीतभर वर, आयपी६५ डब्यात, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणाऱ्या डब्यात, घ्या. वायर डब्यात खालूनच शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली झुकलेला वळसा ठेवा, म्हणजे ओघळ तिथेच गळून पडेल. फटी बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. तसं आम्ल न सोडणारं ‘न्यूट्रल क्युअर’ मागा. दिवसा पुरवठा बंद ठेवलात तर तारांचं आयुष्य आणखी वाढेल, साधा टायमर पुरतो.

पाईप हवा तो घुशींपासून आणि माळीदादांच्या खुरप्यापासून वायर वाचवायला. त्याला किंचित उतार द्या आणि सर्वात खालच्या जागी बारीक भोक पाडा. कितीही बंद केलात तरी दमट हवेचं पाणी आत साठतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

फलाटावरच्या प्रत्येक दिव्याला २.२ किलोओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा रोधक) घाला, चारेक मिलिअँपिअर मिळतील. वॉर्म व्हाइट एलईडी इतक्या करंटवर जुन्या रॉकेलच्या कंदिलासारखा दिसतो आणि मला फलाटावर तोच शोभतो. ठाण्यात १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी आली तेव्हा तेलाचेच दिवे होते. पांढराफटक उजेड तुमच्या स्टेशनाला नका देऊ.

हे काम मे महिन्यातच उरका. माती ओढण्याआधी संध्याकाळी सगळे दिवे लावून शेडमध्ये मल्टिमीटर धरा. ११ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर एखादा जोड कच्चा आहे, तो शोधूनच चर बुजवा.