शाळेतले खेळाचे सर वारले, शोकसभेत त्यांच्याबद्दल काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की रविवारी सभा आहे आणि पाच मिनिटं दिलीत. पाच नाही, तीनच बोला. आणि कप-शिल्डची यादी वाचू नका, ती वाचायला संस्थेचे पदाधिकारी असतातच.

आमच्या सरांच्या सभेत हेच झालं. सर भूगोल शिकवायचे आणि खो-खो घ्यायचे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केलेले. स्टेजवरच्या सगळ्यांनी तीच यादी वाचली, भूगोलाचं कोणी नावही काढलं नाही. त्यात माझे मोठे काका बाजूच्याला सांगून राह्यले, "माणूस चांगला होता, पण शेवटी पीटीचा मास्तर. आमच्या पोट्ट्याचं इंजिनिअरिंग याच्याच पायी गेलं." पोट्टा म्हणजे मी. माझं डोकंच सटकलं. नाव पुकारलेलं नसताना जाऊन माईक घेतला.

काय बोललो ते सांगतो. मी टीममधला सगळ्यात मंद, संरक्षणाला उतरलो की पहिल्या हुलकावणीतच बाद. पण सरांनी एवढं हेरलं होतं की पाठीवर खो बसला की मी बाकीच्यांच्या आधी उठतो. म्हणाले, "पळणारे गल्लोगल्ली हायेत बे, उठणारा कुठं भेटते?" आणि मला खांबाजवळच्या चौकोनात बसवलं ते दहावीपर्यंत. आणि भूगोल म्हणाल तर सकाळी नागपूरच्या महालातून झिरो माईलच्या खांबापर्यंत पळवत न्यायचे, तिथे घोड्यांच्या पुतळ्यांकडे बघायचंच नाही, दगडावर गावांची अंतरं मैलात कोरलीत ती वाचायची. हैदराबाद 318 मैल, चला, किलोमीटर सांगा, आणि धापा टाकतच सांगा, मधे नद्या कोणत्या लागतात? वर्धा, पैनगंगा, गोदावरी. आजही हैदराबादला निघालो की पूल यायच्या आधी तोंडात नाव येतं.

दहावीच्या दिवाळीनंतर काकांनी माझा खेळ बंद केला. सर संध्याकाळी घरी आले. काका तोंडावर म्हणाले, तुम्ही पीटीवाले, तुम्हाला अभ्यासातलं काय कळते. सरांनी शांतपणे चहा घेतला आणि सांगितलं, हा सहाला येईल आणि साडेसातला घरी असेल, उशीर झाला तर मी स्वतः येऊन माफी मागीन. एकदा सायकल पंक्चर झाली, मी सायकल ढकलत पोचलो तर सर आधीच आमच्या दारात उभे, काकांसमोर हात जोडून. हा भाग काका कोणाला सांगत नाहीत. इंजिनिअरिंगचं म्हणाल तर मला गणित जमत नव्हतं, खो-खो नसता तरी जमलं नसतं. आणि काकांचा स्वतःचा मुलगा इंजिनिअर होऊन कितीतरी दिवस घरी बसून होता, तेव्हा कोणत्या पीटीच्या मास्तराचा दोष होता?

तर तुम्हीही तसंच करा. सरांनी तुमच्यात असं काय पाह्यलं जे घरच्यांनाही दिसलं नव्हतं, तेवढं एक सांगा. "कधीही न भरून येणारी पोकळी" वगैरे अजिबात नको. जमलं तर वर्गातला सगळ्यात ढ पोट्टा बोलायला उभा करा, हुशार पोरांकडे फक्त आभारप्रदर्शन असते. खेळाबद्दल दोन वाक्यं हवीच असतील तर सरांचा खेळ आज कुठे पोचला ते सांगा. आमचे सर असते तर मी त्यांना 2025 च्या जानेवारीतला दिल्लीचा पहिला खो-खो वर्ल्डकप दाखवला असता, पुरुष आणि महिला दोन्ही फायनल आपण नेपाळला हरवून जिंकलो आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे. सर तेव्हा नव्हते, याचं मला फार वाईट वाटते.

आता एकदोन गोष्टी, ज्या खरं तर आधीच सांगायला पाह्यजे होत्या. सर मारत असतील तर ते लपवू नका, पण "त्या छड्यांनीच आम्ही घडलो" असं म्हणू नका. आमचेही मारायचे, आम्ही घडलो ते दुसऱ्या गोष्टींनी. आणि घरचे समोर बसलेले असतात, त्यामुळे सरांची नकल करायची असेल तर सरांच्या घरच्या काकूंना आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. काकू हसल्या ते ठीक, पण सगळ्यांच्या घरी चालेलच असं नाही.

काका अजूनही म्हणतात की मी भर सभेत त्यांचा अपमान केला. मी तर त्यांचं नावही घेतलं नव्हतं.