तान्ह्या बाळाच्या गुळण्या आणि दुधाची शंका

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझे हे पहिलेच बाळंतपण असून मुलगा सात आठवड्यांचा आहे. जन्मतः त्याचे वजन २.८ किलो होते. दीड महिन्याच्या लसीच्या वेळी ते ३.९ किलो भरले. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर तो गुळणी टाकतो, कधी फाटलेले दूध नाकातूनही येते, आणि संध्याकाळी दोन-तीन तास अंग आखडून रडतो. माझे दूध पुरत नसावे असे वाटल्याने रात्री एकदा डब्याच्या पावडरचे दूध देतो. गेल्या आठवड्यात शीमध्ये दोनदा शेंबडासारखी आव आणि रक्ताची बारीक रेघ दिसली. तालुक्याच्या गावी दाखवल्यावर पित्त कमी करणारे आणि उलटी थांबवणारे असे दोन प्रकारचे थेंब मिळाले. औषधाच्या दुकानात लॅक्टोज नसलेला डबा घ्या म्हणाले. सासूबाईंचे म्हणणे असे की, अंगावरचे दूध बाधत असल्यास ते काही दिवस तोडावे आणि बाळगुटी सुरू करावी. नेमके काय करावे? बेळगावला न्यावे का?

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो : अंगावरचे दूध तोडू नका. पुढे तपासणीत अगदी दुधाची ॲलर्जी निघाली, तरी त्यासाठी आईचे दूध बंद करावे लागत नाही. बदलावा लागतो तो आईचा आहार.

आता तुम्हीच दिलेल्या वजनाकडे पाहू, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. बाळाने सहा आठवड्यांत ११०० ग्रॅम वजन घेतले, म्हणजे दिवसाला सरासरी २६ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली मानली जाते, शिवाय जन्मानंतर पहिले काही दिवस वजन उतरतेच. तेव्हा गुळणीतून कितीही दूध बाहेर पडल्यासारखे वाटले, तरी पुरेसे दूध पोटात राहत आहे. दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरत नसल्याची भीतीही मनातून काढून टाकावी.

अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंची झडप या वयात कच्ची असते, बाळ बहुतेक वेळ आडवे असते आणि त्याचा आहार पूर्णपणे पातळ असतो, म्हणून दूध परत वर येते. तीन महिन्यांच्या आतील जवळपास निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी गुळणी टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वाधिक असते आणि वर्षाच्या आसपास बहुतेकांचे थांबते. संध्याकाळचे रडणेही सहाव्या आठवड्याच्या आगेमागे शिखराला पोहोचते व तीन-चार महिन्यांत ओसरते. ते ऐकणाऱ्या आईचे काय होते याची मला पूर्ण कल्पना आहे. त्या वेळी घरातील दुसऱ्या कोणीतरी बाळाला घ्यावे आणि तुम्हाला अर्धा तास तरी झोपू द्यावे.

पाजताना थोडे थोडे आणि अधिक वेळा पाजावे, मध्येच ढेकर काढावी, नंतर वीस-तीस मिनिटे बाळ खांद्यावर उभे धरावे. मालिश आणि आंघोळ पाजण्यापूर्वी उरकावी. पाजल्याबरोबर कापडाच्या झोळीत घातल्यास अंग दुमडून पोटावर दाब येतो, तेव्हा तसे करू नये. निजवताना मात्र पाठीवर, सपाट अंथरुणावरच निजवावे. गुळणीच्या भीतीने पालथे निजवणे धोक्याचे आहे.

थेंबांविषयी माझे मत स्पष्ट आहे. वजन वाढणाऱ्या बाळाच्या साध्या गुळण्यांना आणि रडण्याला पित्त कमी करणाऱ्या औषधाने फरक पडत नाही, उलट जठरातील आम्ल कमी झाल्याने जुलाब व न्यूमोनियाची शक्यता वाढते. उलटी थांबवणाऱ्या थेंबांत डोमपेरिडोन असेल, तर त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. ज्या डॉक्टरांनी ते लिहून दिले, त्यांना ‘बाळाच्या तपासणीत कोणती गोष्ट आढळल्यामुळे हे दिले?’ असे आदराने विचारा. बाळगुटीबाबत सासूबाईंची काळजी खरी आहे, पण सहाणेवर उगाळताना पाण्यातून येणारा जंतुसंसर्ग आणि मात्रेची अनिश्चितता यांमुळे ती या वयात देऊ नये. मध तर वर्षाच्या आत अजिबात चाटवू नये.

आता शीमधील रक्त. तुमच्या पत्रात मला थांबायला लावणारी गोष्ट हीच आहे, आणि एवढ्यासाठी आठवडाभरात बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. गुदद्वाराला चीर पडली आहे का आणि संसर्ग आहे का, हे आधी पाहिले जाते. ते नसेल, तर गाईच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीचा विचार येतो. आई दूध-दही खात असल्यास ही प्रथिने अल्प प्रमाणात तिच्या दुधातूनही बाळापर्यंत पोहोचतात. दुकानदाराने सांगितलेला डबा येथे उपयोगाचा नाही, कारण लॅक्टोज ही दुधातील साखर आहे, ती आईच्या दुधातही भरपूर असते आणि जन्मजात ती न पचणे अत्यंत दुर्मीळ आहे. लॅक्टोज काढलेल्या बहुतेक डब्यांत गाईची प्रथिने तशीच राहतात. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या डब्याच्या दुधाची जाहिरात व प्रचार करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कोणता डबा द्यायचा, हे दुकानाच्या काउंटरवर ठरू नये.

बाळ तपासून डॉक्टरांची संमती मिळाली की पहिला बदल एकच करा : रात्रीचे पावडरचे दूध बंद करून त्या वेळीही अंगावर पाजा आणि आठवड्याने वजन करा. तरीही रक्त दिसत राहिल्यास तुमच्या आहारातून दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढे, दुधाची पावडर घातलेली बिस्किटे आणि आपल्या बेळगावचा कुंदासुद्धा दोन ते चार आठवडे पूर्ण वगळावा. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करता येते. नाचणी व तीळ नियमित खावेत आणि रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, नाहीतर या पथ्याची किंमत तुमच्या हाडांना मोजावी लागेल.

यापुढची पायरी अनेक घरांत गाळली जाते. बाळ सुधारल्यावर डॉक्टरांना विचारून तुम्ही पुन्हा आठवडाभर दूध-दही घ्यायचे. त्रास परतला तर निदान पक्के. परतला नाही तर बाळ आपोआपच सुधारले होते, आणि तुम्हाला महिनोन्‌महिने पथ्य पाळण्याचे कारण उरत नाही. या प्रकारच्या उशिरा दिसणाऱ्या ॲलर्जीत रक्ताच्या महागड्या चाचण्यांतून निदान होत नाही. मात्र दुधानंतर लगेच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे असे कधी झाले असेल, तर असा प्रयोग घरी मुळीच करू नये.

बेळगावला जिल्हा रुग्णालयात किंवा केएलईच्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे. जाताना तायी कार्ड (बाळंतपण व लसीकरणाच्या नोंदींचे सरकारी कार्ड), आधीच्या चिठ्ठ्या, औषधांच्या बाटल्या आणि रक्त दिसलेल्या लंगोटाचा मोबाइलवरील फोटो सोबत न्यावा. रुग्णालयातून सोडताना मिळणारा कागद कन्नडमध्ये असल्यास घरी येण्यापूर्वी तेथेच परिचारिकेकडून प्रत्येक ओळ समजून घ्यावी.

काही लक्षणांत मात्र सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा : हिरवी उलटी, जी आतड्याला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते, पोट फुगून टणक होणे, लाल जेलीसारखी शी, ताप, बाळ मलूल होऊन पिणे सोडणे. प्रत्येक पाजण्यानंतर उलटी पिचकारीसारखी दूर उडू लागली, बाळ लगेच पुन्हा भुकेले होत असेल आणि वजन थांबले असेल, तर जठराच्या तोंडाचा स्नायू जाड झाला आहे का, हे सोनोग्राफीने त्याच दिवशी पाहावे लागते. हा विकार साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या वयात आणि मुलग्यांत अधिक आढळतो. त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिने बाळ पूर्ण बरे होते.

प्रश्न : नातीला गाईचे दूध सोसत नाही असे निपाणीच्या डॉक्टरांनी सांगितले. ती चार महिन्यांची आहे. आमच्या घरी शेळी आहे. तिचे किंवा म्हशीचे दूध चालेल का? — एक आजोबा

उत्तर : नाही, आजोबा. शेळी, म्हैस आणि गाय यांच्या दुधातील प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना ही दुधेही बाधतात, आणि वर्षाच्या आतील बाळाला पोषणाच्या दृष्टीनेही ती पुरी पडत नाहीत. सोयाचा डबा सहा महिन्यांच्या आत देऊ नये. सुनेला दूध येत असेल तर तिने दुधाचे पदार्थ वगळून अंगावरच पाजावे. येतच नसेल, तर प्रथिने बारीक तोडून तयार केलेले खास दूध डॉक्टरांनी लिहून द्यावे लागेल. ते महाग पडते, म्हणून निपाणीत किंवा कोल्हापुरात जेथे दाखवाल तेथे ते किती महिने द्यायचे आणि पुन्हा दूध देऊन कधी पाहायचे, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या.