कोका-कोला कंपनीनेच विकत घेतलेलं थम्स अप भारतात कोकपेक्षा जास्त का खपतं?

मनमाडला स्टेशनजवळ आमचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी आधी काउंटरमागून देतो.

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी लाइट जायची. तासाभरात फ्रीज कोमट व्हायचा, बर्फाच्या पेटीत नुसतं पाणी उरायचं. अशा वेळी बाकीची गोड कोल्ड्रिंक्स पाकासारखी लागायची. गिऱ्हाईक एक घोट घेऊन बाटली बाजूला ठेवायचं. थम्स अप मात्र कोमट असलं तरी घशाला चरचरायचं. हा योगायोग नव्हता. पार्लेच्या रमेश चौहान यांनी ते बनवतानाच साखर थोडी कमी, गॅस जास्त आणि मसाल्याचा झणका ठेवला होता. हातगाडीवर, बर्फाविना विकलं तरी त्यातला जोर टिकावा हा हेतू होता. (हे पार्ले म्हणजे आपलं विलेपार्लेच. चौहान कुटुंबाने १९२९ साली तिथे गोळ्या-चॉकलेटचा कारखाना काढला.)

त्यांना संधी मिळाली १९७७ साली. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना इथल्या धंद्यातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. कोका-कोलाने ते मान्य केलं नाही. जनता पक्षाचं सरकार होतं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. कोका-कोलाने गाशा गुंडाळला. सरकारने स्वतःचा ‘डबल सेव्हन’ नावाचा कोला काढला, दिल्लीकडून कॅम्पा कोला आला आणि पार्लेने थम्स अप आणलं. पुढची पंधरा वर्षं देशाच्या जिभेला कोला म्हणजे हीच चव माहीत होती. माझ्या मते उत्तराचा निम्मा भाग इथेच आहे. ज्या पिढीने आयुष्यातला पहिला कोला थम्स अपचा प्यायला, तिला नंतर आलेलं कोक सपक लागलं.

१९९० मध्ये पेप्सी आली, तेव्हा थम्स अपने ३०० मिलीची मोठी बाटली काढून तिला ‘महा कोला’ म्हटलं. लहान गावांत लोक तेच नाव घेऊन बाटली मागायचे. पण १९९३ साली कोका-कोला परतली, तेव्हा चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा हे ब्रँड सुमारे ६ कोटी डॉलरला तिलाच विकून टाकले.

या सौद्यात नुसती नावं विकली गेली असं समजू नका. त्या काळी कोल्ड्रिंकचा सगळा धंदा परत येणाऱ्या काचेच्या बाटलीवर चालायचा. एका क्रेटमध्ये २४ बाटल्या, क्रेटचं डिपॉझिट वेगळं, आणि भरलेला क्रेट हवा असेल तर रिकामा परत द्यायचा. क्रेटमध्ये घासून घासून बाटलीच्या पोटावर पांढरा पट्टा उमटायचा. ती बाटली किती वेळा भरून आली आहे हे आम्ही त्यावरून ओळखायचो. दुकानदाराकडे ज्याचे क्रेट अडकलेले, त्याचाच माल तो पुन्हा घेणार. पार्लेशी देशभरचे बॉटलिंगवाले जोडलेले होते. कोका-कोलाला खरं तर ही साखळी हवी होती.

कोक पुढे आणण्यासाठी नव्या मालकांनी सुरुवातीला थम्स अपकडे लक्षच दिलं नाही. जाहिराती आटल्या. तरी आमच्या काउंटरवर मागणी कमी झाली नाही, आणि दुसऱ्या बाजूने पेप्सी वाढत होती. थम्स अप मारलं असतं तर ते गिऱ्हाईक कोककडे येण्याऐवजी पेप्सीकडे गेलं असतं. हे कळल्यावर कंपनीने पुन्हा त्यात पैसा ओतला. पेप्सी पोराटोरांची ठरवून थम्स अप मोठ्या माणसाचं पेय म्हणून उभं केलं. ‘टेस्ट द थंडर’, सलमान खान, अक्षय कुमार, उंचावरून मारलेल्या उड्या, हे सगळं आठवत असेल. कडक चवीला कडक जाहिरात शोभली. चव मवाळ असती तर त्या उड्या फुकट गेल्या असत्या. २०२१ मध्ये थम्स अपची भारतातली वार्षिक विक्री १ अब्ज डॉलरच्या वर गेली.

गोल्ड स्पॉटच्या वाट्याला हे आलं नाही. फँटासाठी ते बंद केलं गेलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. माझी धाकटी बहीण त्याची बुचं श्रीखंडाच्या डब्यात जमवायची. शेवटचा क्रेट संपल्यावर महिनाभर ती रोज संध्याकाळी दुकानात येऊन विचारायची, “आण्णा, आज आलं का?”