सोसायटीचा पेट्रोल ग्रास कटर पावसाळ्यानंतर तीन-चार महिने पडून राहिला की चालू होत नाही. काय करावं?

ठेवून देण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही पेट्रोल उरणार नाही. मुंबईत आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते आपल्या दमट हवेतली ओल खेचतं. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, पेट्रोल उडून गेलं की मागे राहिलेलं चिकट ऑइल कार्ब्युरेटरमधले बारीक जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची छिद्रं, बुजवतं. म्हणून पेट्रोल-ऑइलचं मिश्रण महिनाभर पुरेल एवढंच बनवा. एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, हे कृपया टाळू नका. स्पार्क प्लगवरची काजळीही पुसा. ऑइलचं प्रमाण मात्र मॅन्युअलप्रमाणेच: काही इंजिनांना २५:१ (२५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) लागतं, काहींना ५०:१. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात मिसळायचं नाही.