वाचकांचे प्रश्न : त्या सगळ्या कात्र्याच असतात का?

प्रश्न : माझी मुलगी शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करते. तिच्या पुस्तकातील निम्मी उपकरणे मला कात्रीसारखीच दिसतात. त्यांत फरक काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : बोटे अडकवायच्या कड्यांमुळे तसे वाटते; प्रत्यक्षात त्यांतील बरेचसे चिमटे असतात. आर्टरी फोर्सेप्स हा त्यांतला सर्वांत उपयोगी. रक्तवाहिनी कापली गेली की तिचे तोंड त्याच्या टोकात पकडतात, आणि कड्यांजवळचे दाते ‘कट्’ आवाज करून एकमेकांत अडकले की हात सोडला तरी पकड सुटत नाही, त्यामुळे सर्जनला गाठ मारायला दोन्ही हात मोकळे राहतात. नीडल होल्डर, म्हणजे टाके घालायची सुई धरायचा चिमटा, दिसायला तसाच. मात्र त्याचे जबडे आखूड व भक्कम असतात आणि आतल्या जाळीदार खाचांमुळे सुई फिरत नाही. सुईसाठी आर्टरी फोर्सेप्स वापरणे मला अक्षम्य वाटते, कारण त्याने तो नाजूक चिमटा कायमचा बिघडतो. दातेरी टोकाचा अॅलिस हा चिमटा चिवट ऊती पकडण्यासाठी असतो, तर आतड्यासारख्या नाजूक भागाला बिनदाती बॅबकॉक लागतो.

खऱ्या कात्र्यांत मेयो दणकट असते. मेट्झेनबॉम लांब दांड्यांची, नाजूक ऊतींसाठीची, तिने दोरा कधीच कापू नये.

मुलीला मोजणीची सवय मात्र आतापासूनच लावा. रुग्णाच्या शरीरात काही राहून जाऊ नये म्हणून उपकरणे, सुया आणि गॉज (रक्त टिपायचे जाळीदार कापड) शस्त्रक्रियेपूर्वी व जखम शिवण्याआधी मोठ्याने मोजतात. गॉजमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो, तो याचसाठी.