प्रार्थना करूनही मन शांत होत नाही, म्हणजे माझा विश्वास कच्चा आहे का?

"ताई, मी रोज प्रार्थना करते. तरी रात्री 3 वाजता छाती धडधडून जाग येते. पवित्र शास्त्र सांगतं, चिंता करू नका. मग मी पापच करतेय ना?"

समोर बसलेल्या बाई पंचेचाळिशीच्या. बोलताना पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ते सुखरूप झालं, यजमान कामावर जाऊ लागले. पण बाई रोज रात्री उठून त्यांच्या पाठीवर हलकेच हात ठेवायच्या, श्वास चालू आहे ना हे बघायला. चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी प्रेमानेच म्हटलं होतं, "विश्वास ठेव, भिऊ नकोस." तेव्हापासून भीती होतीच, वर भीती वाटते याची लाजही आली.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येत असतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड होते, झोप उडते. त्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले. उपचाराची, अगदी गोळ्यांची गरज निघाली असती तरी ती विश्वासाची हार ठरली नसती, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

मग त्यांनी ज्या वचनावर बोट ठेवलं होतं, तेच आम्ही उघडलं. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 4, ओवी 6 आणि 7. चिंता करू नका, आभार मानून आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमची मनं राखील. प्रेषित पौलाने हे पत्र लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. गंमत म्हणजे इथे 'चिंता करू नका' म्हणताना त्याने जे ग्रीक क्रियापद वापरलं, तेच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला तरुण सहकारी तीमथ्य याचं कौतुक करताना येतं: हा तुमची खरी काळजी वाहील. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, 11:28 मध्ये, पौल स्वतःबद्दल सांगतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज असते. बाईंनी ती ओवी दोनदा वाचली. "पौलालासुद्धा?" एवढंच म्हणाल्या. चेनवरचा हात थांबला.

ज्याच्यावर जीव आहे त्याची काळजी वाटणं हे पाप नाही. माझं हे मत ठाम आहे, आणि उलट सांगणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या माणसांना विनाकारण रडवलंय.

पुढच्या भेटीत मी विचारलं, रात्री 3 वाजता नेमकी कोणती प्रार्थना करता? मोठ्याने म्हणून दाखवा. त्या म्हणू लागल्या, "प्रभू, यांना परत झटका आला तर? मी झोपेत असले तर? मुलीचं शिक्षण राहिलं तर? प्रभू, मी एकटी पडले तर?" थांबल्या तेव्हा धाप लागली होती. मी हळूच विचारलं, "यात मागितलंत काय?" बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "काहीच नाही."

माझ्या अनुभवात गाठ बहुधा इथेच असते. आपण चिंतेच्याच सुरुवातीला 'प्रभू' हा शब्द लावतो आणि तीच उगाळत बसतो. म्हणून ठरवलं की संध्याकाळी, झोपेच्या पुष्कळ आधी, 15 मिनिटं वही घेऊन बसायचं. जी भीती असेल ती जशीच्या तशी लिहायची, आणि प्रत्येकीखाली देवाकडे एक नेमकी मागणी. 'उद्या यांच्याबरोबर दवाखान्यात जाताना माझं डोकं ताळ्यावर राहू दे,' इतकी साधी. शेवटी आजच्या दिवसातली एक गोष्ट, जिच्याबद्दल आभार मानावेसे वाटतात. पहिल्या आठवड्यात आभाराची ओळ दोनदा कोरी राहिली. चालेल, म्हटलं. स्तोत्र 13 'किती वेळ?' असं चार वेळा विचारूनच सुरू होतं; देवाला रडगाणं ऐकायची सवय आहे.

रात्री जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही. साधारण 20 मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसायचं; तळमळत पडून राहिलं की अंथरुणाशी जागरणाचंच नातं जुळतं. बसल्यावर श्वास घेताना 'प्रभू येशू', आणि त्याहून सावकाश सोडताना 'माझ्यावर दया कर'. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके उतरतात, शरीराची घडणच तशी आहे. मला त्यात विश्वासाला बाधा येईल असं काही दिसत नाही. बायबलच्या 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग परत उठवून खायला दिलं. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, 40 दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात सगळं विसकटलं. मुलीची परीक्षा, पाहुणे, वही चार दिवस बंद. बाई अपराध्यासारख्या आल्या. त्या दिवशी मी यजमानांनाही बोलावलं होतं. बोलता बोलता ते म्हणाले, "हिचा हात पाठीवर येतो तेव्हा मी जागाच असतो. हिला घोर नको म्हणून हलत नाही."

दोघंही जागे, दोघंही झोपल्याचं सोंग घेऊन, आठ महिने.

त्यांच्यासाठी मग मी वेगळं काही सुचवलं नाही. त्यांनीच ठरवलं. दिवा घालवण्याआधी दोघांनी मिळून स्तोत्र 4 वाचायचं, ज्याच्या शेवटी दावीद निवांत आडवा होतो आणि झोपी जातो. आणि तिला भीती वाटली तर पाठीवर चोरून हात ठेवायचा नाही, हाक मारायची.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. जाग अजून येते, आठवड्यातून एखादवेळी. मागच्या खेपेला सांगत होत्या, "हाक मारली. ते म्हणाले, आहे गं इथेच. मग मी कूस बदलली."